३१ जानेवारी अधिक एक महिना = ?

आधी एक सोप्पा प्रश्न. सोमवार ते शुक्रवार सुट्टी टाकलीत, तर किती दिवसांची रजा कापली जाईल? पाच. बरोबर! आता त्याच सोमवार ते शुक्रवारसाठी गोव्यात हॉटेल बुक केलंत, तर किती रात्रींचं बिल येईल? चार. तारखा त्याच, उत्तरं दोन आणि दोन्ही शंभर टक्के बरोबर. कॅलेंडर ही चीजच तशी आहे. भिंतीवर टांगलेली असते तोवर एकदम गरीब गाय. कम्प्युटरमध्ये भरायला गेलं की शिंगं दिसायला लागतात.

दर शनिवारी सकाळी दोन तास मी आमच्याच ऑफिसातल्या नॉन-टेक मंडळींना प्रोग्रॅमिंग शिकवते. एचआर, अकाउंट्स, सेल्स, अॅडमिन अशी मिसळ असते. प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, आता एआय सगळा कोड लिहून देतं, मग आपण कशाला शिकायचं?’ मी वाद घालत नाही. मी सरळ तारखांचे एक्सरसाइज देते. दोनतीन शनिवारांत प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा बदललेला असतो.

चारने भागा, पण जपून!

पहिला एक्सरसाइज जगभरातल्या नवशिक्यांना देतात तोच. दिलेलं साल लीप इयर आहे का, ते सांगा. अर्धी बॅच दोन मिनिटांत हात वर करते. चारने भागायचं, बाकी शून्य आली की लीप. संपला विषय! टेस्ट म्हणून आपलं जन्मसाल टाकतात, बॉसचं टाकतात, आजोबांचं टाकतात. सगळं पास.

पास होणारच. कारण १९०१ ते २०९९ या पट्ट्यात हा शॉर्टकट एकदाही चुकत नाही. खरा नियम तीन पायऱ्यांचा आहे. चारने भाग गेला तर लीप, पण शतकाचं साल असेल तर नाही, आणि त्यातूनही ४०० ने भाग जात असेल तर पुन्हा लीप. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं आणि २१०० नसेल. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. पुढची २९ फेब्रुवारी त्यांना चार नाही, तर आठ वर्षांनी, थेट १९०४ मध्ये मिळाली.

हा एवढा घोळ कशासाठी? तर पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी ३६५.२४२२ दिवसांची आहे, पूर्ण सव्वा दिवस वर नाही. जुन्या ज्युलियन कॅलेंडरने सव्वा धरला आणि वर्षाला साधारण ११ मिनिटं जास्त मोजली. ११ मिनिटं म्हणजे काय, चहा प्यायला गेलो की संपतात! पण शतकं गेली आणि सोळाव्या शतकापर्यंत त्याचे १० दिवस साठले. मग पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला आणि शतकाचा नियम जोडला.

हे सगळं माहीत असूनही दिग्गजांची दांडी उडते. एक्सेल उघडा, एका सेलमध्ये ६० टाका आणि फॉरमॅट डेट करा. २९ फेब्रुवारी १९०० असं दिसेल. जी तारीख कधी उगवलीच नाही ती! ही भानगड लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमधली. तिच्या फाइल्स चालाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली. दुसरा किस्सा मायक्रोसॉफ्टच्याच झून म्युझिक प्लेअरचा. ३१ डिसेंबर २००८ ला ३० जीबीचे झून जगभर एकदम ठप्प झाले. आतला प्रोग्रॅम दिवसांचं साल करताना ३६५ पेक्षा जास्त दिवस उरलेत तोवर लूप फिरवत होता. लीप वर्षातला ३६६ वा दिवस आला. ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त, म्हणून लूप चालू. पण ३६६ पेक्षा जास्त नाही, म्हणून वजाबाकी होईना. बसला गरागरा फिरत! दुसऱ्या दिवशी तारीख पुढे गेली आणि प्लेअर रीस्टार्ट केल्यावर शहाण्यासारखे चालू झाले. हा लूप मी बॅचला फळ्यावर हाताने फिरवायला लावते. इन्फिनिट लूप म्हणजे काय ते पुन्हा समजवावं लागत नाही.

महिना म्हणजे किती?

दुसरा एक्सरसाइज दिसायला त्याहून सोपा. ३१ जानेवारीत एक महिना मिळवा.

एक्सेलचं ईडेट म्हणतं, २८ फेब्रुवारी. जावास्क्रिप्टमध्ये नुसता महिन्याचा आकडा एकने वाढवलात तर ती म्हणते, ३ मार्च. तिचं लॉजिक असं, ३१ फेब्रुवारी मागितलीत ना, फेब्रुवारी २८ ला संपला, उरले तीन दिवस, घ्या ३ मार्च! (याच जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी हा शून्यावा महिना असतो, पण तारखा मात्र एकपासून सुरू होतात. असो.) पायथनच्या बेसिक तारीखगणितात तर ‘महिना’ हे मापच नाही. दिवस मिळवा, आठवडे मिळवा, महिन्याचं तुमचं तुम्ही ठरवा. मला तेच सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

हा एक्सरसाइज झाला त्याच सुमारास, २०२५ मध्ये, आमच्या बॅचमधल्या एचआरच्या मुलीसमोर एक केस आली. एका सहकाऱ्याने शुक्रवारी, ३१ जानेवारीला राजीनामा दिला होता. नोटिस पीरियड एक महिना. नव्या कंपनीत जॉइनिंग सोमवारी, ३ मार्चला. आणि आमची एचआर सिस्टिम म्हणत होती, शेवटचा दिवस ३ मार्च! म्हणजे गडी एकाच सोमवारी दोन ऑफिसांत हजर पाहिजे. नाहीतर नोटिसचे पैसे भरा, नाहीतर नव्या ठिकाणी हातापाया पडा. तो बिचारा पैसे भरायलाही तयार झाला होता. सिस्टिमच म्हणते म्हटल्यावर काय करणार?

हिने मात्र तो ३ मार्च ओळखला. तिने चार ओळींचं टेबल बनवलं. राजीनामा २८ जानेवारीला दिला तर सिस्टिमचं उत्तर २८ फेब्रुवारी. २९ ला दिला तर १ मार्च, ३० ला दिला तर २ मार्च, ३१ ला दिला तर ३ मार्च. मग तिने अपॉइंटमेंट लेटर काढलं. तिथे ‘एक महिना’ असं लिहिलं होतं, ‘३० दिवस’ नाही. ३० दिवस असते तर राजीनाम्याचा दिवस धरून १ मार्च, न धरता २ मार्च. म्हणजे एकाच राजीनाम्याची चार उत्तरं, २८ फेब्रुवारीपासून ३ मार्चपर्यंत रोज एक!

तिच्या बॉसने विचारलं, ‘२८ फेब्रुवारी धरली तर जानेवारीअखेर राजीनामा देणाऱ्याला तीन दिवस फुकट मिळतात, त्याचं काय?’ ती म्हणाली, ‘मिळतात सर. पण ते आपण ठरवून देऊ. आत्ता सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणीतरी आपल्यासाठी ठरवलंय.’ मला हे वाक्य जाम आवडलं. पॉलिसीत एक ओळ वाढली. पुढच्या महिन्यात ती तारीख नसेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरावा. आणि गडी ३ मार्चला नव्या ऑफिसात निवांत जॉइन झाला.

कायदा करणाऱ्यांना हा लोचा कधीच कळला होता, बरं का. आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये ‘महिना’ म्हणजे ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजलेला महिना, असं लिहून ठेवलंय. अमुक तारखे‘पासून’ म्हटलं की तो पहिला दिवस मोजायचा नाही, हेही त्यात आहे. कम्प्युटर यायच्या कितीतरी आधी!

रायगडावरचा वार

तिसरा एक्सरसाइज सगळ्यांचा लाडका, तारखेवरून वार काढा. जो तो आपला जन्मवार काढतो. मग मी सांगते, शिवराज्याभिषेकाचा वार काढा. तारीख सगळ्यांना पाठ, ६ जून १६७४. पायथन बेधडक उत्तर देतं, बुधवार.

चूक! पायथन आजचं ग्रेगरियन कॅलेंडर मागे कितीही ताणतं. पण इंग्रजांनी ते स्वीकारलं १७५२ मध्ये. तेव्हा त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर उजाडला. (लिनक्सवर ‘कॅल’ कमांडला सप्टेंबर १७५२ मागा, मधले ११ दिवस गायब दिसतील.) ६ जून ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे. आजच्या हिशेबाने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा तो दिवस १६ जून, आणि वार शनिवार. त्यातही मुहूर्त सूर्योदयाआधीचा. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, म्हणजे पंचांगाच्या दृष्टीने तेव्हा शुक्रवारच चालू होता. आता बोला! पोर्तुगालने मात्र १५८२ मध्येच नवं कॅलेंडर घेतलं होतं. त्यामुळे त्या काळी गोव्यातला पोर्तुगीज आणि मुंबईतला इंग्रज एकाच दिवशी पत्र लिहायला बसले, तर दोन पत्रांवरच्या तारखांत १० दिवसांचं अंतर पडायचं.

१ जूनची गर्दी

चौथा एक्सरसाइज, वाढदिवसांची यादी घ्या आणि कोणत्या तारखेला किती ते मोजा. यादीत आपल्याकडची जुनी पिढी असेल तर १ जूनचा खांब ताडमाड उंच दिसतो. त्यात प्रोग्रॅमची काही चूक नसते. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी बिनधास्त १ जून टाकायचे! तुमच्याही घरी एखादे १ जूनवाले काका असतील.

आता याला निवृत्तीचा नियम लावा. केंद्र सरकारच्या मूलभूत नियम ५६ प्रमाणे कर्मचाऱ्याचं निवृत्तीचं वय ज्या महिन्यात पूर्ण होतं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो निवृत्त होतो. पण जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे १ जूनवाले ३१ मे ला घरी आणि २ जूनवाले ३० जूनला. गुरुजींनी पेन एक घर पुढे टेकवलं असतं तर एक अख्खा पगार जास्त मिळाला असता!

एका दिवसाची ही भांडणं सुप्रीम कोर्टापर्यंत जातात. वर्षभर नोकरी केली, पण वाढ लागू व्हायच्या आदल्या दिवशी निवृत्त झाले, अशा कर्मचाऱ्यांना ती वार्षिक वाढ मिळायला हवी, असा निकाल कोर्टाने २०२३ मध्ये दिला. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर प्रश्न ‘पेक्षा कमी’ की ‘पेक्षा कमी किंवा तेवढंच’ एवढाच होता. एका चिन्हाचा फरक, पण पेन्शनमध्ये तो आयुष्यभर मोजला जातो.

म्हणूनच एआयचा मुद्दा मला या एक्सरसाइजपुरता तरी गैरलागू वाटतो. लीप इयरचा कोड एआय तीन सेकंदांत देईल आणि बहुतेक वेळा अचूक देईल. पण ‘एक महिन्याचा नोटिस’ एवढंच त्याला सांगितलंत तर चारांपैकी एक उत्तर ते उचलेल. ते कोणतं, हे बघायला तुम्हाला चार आहेत हे आधी माहीत पाहिजे.

तर या वीकेण्डचा होमवर्क. एक, पुढच्या दहा वर्षांत तुमचा वाढदिवस किती वेळा शनिवार-रविवारी येतो, ते काढा. दोन, तुमची कंपनी सुट्ट्या मोजते तसे दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजा, दुसरा-चौथा शनिवार विसरू नका. तीन, गणपती पुढच्या वर्षी कधी, याचा प्रोग्रॅम लिहायला घेऊ नका! तिथे चंद्र-सूर्याची गणितं आणि अधिक महिना येतो, त्यासाठी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. आणि चार, तुमचं अपॉइंटमेंट लेटर शोधून काढा. नोटिस पीरियड ‘दिवसां’त लिहिलाय की ‘महिन्यां’त, तेवढं बघून ठेवा. कोड सोमवारी लिहिलात तरी चालेल.