उरी म्हटलं की सिनेमाच का आठवतो?

कॉलेजच्या कट्ट्यावर 'उरी' हा शब्द उच्चारून बघा. पहिलं नाव येईल ते विकी कौशलचं. त्यात कुणाचा दोष नाही. सिनेमा आला जानेवारी २०१९ मध्ये, तेव्हा आज सेकंड इयरला असलेली मुलं सहावी-सातवीत होती. मूळ घटना त्याच्याही अडीच वर्षं आधीची, १८ सप्टेंबर २०१६ च्या पहाटेची. ती त्यांनी बातमी म्हणून पाहिलेलीच नाही. यंदा तिला दहा वर्षं होतायत.

आधी घटना थोडक्यात. काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ उरी इथला लष्करी तळ. पहाटे साडेपाचच्या सुमारास चार अतिरेकी आत घुसले. तळावर तेव्हा पलटणींची बदली सुरू होती. दहा डोगरा ही पलटण निघायच्या तयारीत होती आणि सहा बिहार ताबा घेत होती. अशा वेळी माणसं जास्त असतात, पक्की निवासाची जागा कमी पडते, म्हणून बरेच जवान तंबूंत झोपले होते. गोळीबार आणि ग्रेनेडनं तंबूंना आग लागली, शेजारी इंधन होतं. गेलेल्यांपैकी अनेकांचा जीव गोळीनं गेलाच नाही, तो आगीनं गेला. आकडा शेवटी एकोणीसवर थांबला.

त्या एकोणीसमध्ये चार जण महाराष्ट्राचे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या जाशीचे चंद्रकांत गलंडे. सिन्नरजवळच्या खडांगळीचे संदीप ठोक. अमरावतीच्या नांदगाव खंडेश्वरचे विकास उईके. यवतमाळच्या वणी तालुक्यातले विकास कुळमेथे. माण, सिन्नर, वणी ही सगळी नावं वाचताना बीडच्या माणसाला काहीतरी ओळखीचं वाटतं, कारण माती तीच आहे. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, आणि गावातून बाहेर पडायचा एक इज्जतीचा रस्ता म्हणजे भरती.

सिनेमा कुठे थांबतो ते आठवा. २९ सप्टेंबरला सर्जिकल स्ट्राइकची घोषणा झाली आणि गोष्ट पूर्ण झाली. प्रत्यक्षात ती झाली नव्हती. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे, जम्मूजवळच्या नगरोट्यात हेच घडलं. हे ठिकाण तर सोळाव्या कोअरच्या मुख्यालयाचं. पोलिसांच्या गणवेशातले तीन अतिरेकी तोफखान्याच्या एका युनिटमध्ये घुसले आणि थेट ऑफिसर्स मेस आणि कुटुंबांच्या क्वार्टर्सपर्यंत पोचले. आत बायका होत्या, तान्ही मुलं होती. दोन अधिकाऱ्यांच्या पत्नींनी घरातलं सामान दाराला लावून वाट अडवली, त्यामुळे अतिरेक्यांना घरात शिरता आलं नाही. बारा जवान, दोन स्त्रिया आणि दोन बाळं सुखरूप बाहेर काढली गेली. सात जण गेले. त्यात पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी होते आणि आपल्या मराठवाड्याचे लान्स नायक संभाजी कदम होते. परळीहून गंगाखेड-पालम करत लोह्याला गेलात तर त्या तालुक्यात जानापुरी लागतं, ते त्यांचं गाव.

नगरोट्यावर तसा गाजलेला सिनेमा निघाला नाही. त्यामुळे कट्ट्यावर 'नगरोटा' म्हणून बघाल तर बहुतेक वेळा शांतताच मिळेल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तळावरच्या हल्ल्यात गेलेला माणूस आणि लढाईत गेलेला माणूस, दोघांची आठवण सारखी राहत नाही. कारगिल म्हटलं की तोलोलिंग, टायगर हिल अशी शिखरं डोळ्यांपुढे येतात. चढाई झाली, झेंडा लागला, त्या गोष्टीला सुरुवात आणि शेवट आहे. तळावरच्या हल्ल्यात माणूस झोपलेला असतो, दात घासत असतो, मेसमध्ये पीठ मळत असतो. भाषणात सांगायला त्यात फारसं काही सापडत नाही. म्हणून गावच्या कार्यक्रमात वक्ते चटकन 'शत्रूशी लढता लढता' वर येतात आणि पुढे जातात.

सोबतचे जवान मात्र असं पुढे जाऊ शकत नाहीत. अशा हल्ल्यांतून वाचलेल्या माजी सैनिकांचं बोलणं ऐकलं की त्यात वीररस फार कमी आणि साधे तपशील फार जास्त असतात. आदल्या रात्री जेवायला काय होतं. कुणी रजेचा अर्ज टाकला होता. कुणाची ड्यूटी कुणाबरोबर बदलली होती. ही शेवटची गोष्ट तर हमखास येते, कारण वाचलेल्या माणसाच्या डोक्यातून 'त्या जागी मी असतो' हे जात नाही. आणि सगळ्यात जास्त येतात ते प्रश्न. तंबू तिथेच का लावले? कुंपण कुठून तुटलं होतं? पहारा किती जणांचा होता? मेलेल्या मित्राला सलाम करणं आणि 'हे टाळता आलं असतं का' असं विचारणं, या दोन गोष्टी त्यांच्या मनात वेगळ्या नसतात. आपण बाहेरची माणसं मात्र त्या वेगळ्या करतो. सलाम ठेवतो आणि प्रश्न विचारणाऱ्याला देशप्रेमाचा दाखला मागतो.

खरं तर प्रश्न सरकारी पातळीवरही विचारले गेले होते. उरीनंतर काहीतरी चुकलं असणार, हे तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी जाहीरपणे मान्य केलं. त्याआधीच, जानेवारी २०१६ मधल्या पठाणकोटच्या हल्ल्यानंतर, लेफ्टनंट जनरल फिलिप कॅम्पोज यांची समिती नेमली गेली होती. देशभरातल्या लष्करी तळांच्या सुरक्षेतल्या फटी शोधणं हे तिचं काम. अहवाल मे २०१६ मध्ये सादर झाला. सप्टेंबरात उरी झालं. नोव्हेंबरात नगरोटा झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये जम्मूतल्याच सुंजवानच्या तळावर पुन्हा हल्ला झाला. आणि मागे जायचं तर मे २००२ मध्ये कालुचकला लष्करी कुटुंबांच्या वसाहतीत तीसहून जास्त माणसं मारली गेली होती, त्यात बायका-मुलं होती. म्हणजे 'असं होऊ शकतं' हे चौदा वर्षं आधीपासून माहीत होतं. तारखा एका ओळीत मांडल्या की सोबत्यांना राग का येतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

पठाणकोटचा एक तपशील इथे सांगायलाच हवा. हवाई दलाच्या त्या तळावर सात जण गेले. त्यातले पाच डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे होते. हे दल लष्करी आस्थापनांच्या पहाऱ्याचं काम करतं आणि त्यात प्रामुख्यानं निवृत्त जवान पुन्हा भरती होतात. म्हणजे पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून घरी आलेली, मुलांच्या फीसाठी पुन्हा वर्दी चढवलेली माणसं. त्यांच्यातले हवालदार जगदीश चंद हातात हत्यार नसताना अतिरेक्याच्या मागे धावले, त्याच्याशी झटापट केली, त्याच्याच बंदुकीनं त्याला मारलं आणि मग दुसऱ्यांच्या गोळ्यांनी पडले. 'माजी सैनिक' म्हटलं की आपल्याला बँकेच्या दारातला बंदूकवाला काका दिसतो. पठाणकोटला तेच काका पहिल्या फळीत होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बीडमध्ये पहाटे कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यानं गेलात तर पळणारी पोरं दिसतात. केज, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी, कुठेही जा. कुणाचे आईवडील ऊसतोडीला जाणारे, कुणाची चार एकर कोरडवाहू. सोळाशे मीटर किती मिनिटांत बसतात यावर घराचं पुढचं गणित बसतं. पोलीस भरती, एसआरपी, लष्कर, सगळ्यांचे फॉर्म एकाच वेळी भरलेले असतात. लष्करापुरतं बोलायचं तर बीड पुण्याच्या भरती कार्यालयाखाली येतं. २०२२ मध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठात मेळावा झाला तेव्हा आपली पोरं तिथे गेली होती. ती पहिली अग्निवीर भरती.

योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना कायम करायचं, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाखांचा सेवा निधी देऊन घरी पाठवायचं. जाहीर झालेल्या अटींत पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. लष्करातल्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुमारास सुरू झालं. चार वर्षं कधी भरतात ते मोजा. म्हणजे उरीला आणि नगरोट्याला दहा वर्षं होत असतानाच पहिले अग्निवीर वर्दी उतरवायच्या उंबरठ्यावर आलेत.

या योजनेवर पगार, पेन्शन, बेरोजगारी या अंगानं खूप बोललं गेलंय. बाजूनंही मुद्दे आहेत: सैन्याचं सरासरी वय कमी होतं, पेन्शनवरचा खर्च आटोक्यात येतो, त्यातून शस्त्रांना पैसा मिळतो. हे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पण पलटणीत माणूस लक्षात कसा ठेवला जातो, या बाजूनं बोलणं झालेलं नाही, आणि मला तोच भाग सगळ्यात नाजूक वाटतो.

लक्षात ठेवणं ही लष्करात एक व्यवस्था असते. प्रत्येक पलटणीचे स्वतःचे दिवस असतात. मराठा लाइट इन्फंट्री ४ फेब्रुवारी पाळते, कोंढाणा सर केल्याचा दिवस म्हणून. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये शिकाऊ जवान पहिल्या आठवड्यापासून जुन्या लढायांची नावं ऐकतो. पण संभाजी कदम कसे बोलायचे, कशावर चिडायचे, हे भिंतीवरच्या नावातून कळत नाही. ते सांगतो सेक्शनमधला जुना हवालदार, रात्री पहाऱ्यावर, नव्या पोराला. शिपाई पंधरा-सतरा वर्षं एकाच पलटणीत राहतो म्हणून हे शक्य होतं. २०१६ मध्ये ज्याची सहा-सात वर्षं झाली होती, तो आत्ता-आत्ता निवृत्त होतोय. मधली दहा वर्षं त्यानं किमान दहा तुकड्यांना ती पहाट सांगितली असणार.

आणि ते सांगणं भाषेच्या पलीकडे जातं. आपल्याकडे समज असा की मराठी मुलगा म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. उरीत गेलेले बहुतेक जण मात्र सहा बिहारचे होते. खडांगळी आणि जाशीच्या यादीतच झारखंडचे जवरा मुंडा आणि नैमन कुजूर आहेत, पश्चिम बंगालचे गंगाधर दलुई आहेत. मोडक्या हिंदीत एकत्र राहिलेली ही माणसं एकमेकांची नातेवाईक नाहीत, जातीची नाहीत, जिल्ह्याची नाहीत. तरी वर्षानुवर्षं एखाद्याच्या घरी ठरलेल्या तारखेला फोन येतो, तो अशाच कुणाचा तरी असतो. बातमी विरते, फ्लेक्स उतरतो, पुढाऱ्यांचं येणं बंद होतं. पलटणवाला येत राहतो.

चार वर्षांत हे नातं तयार होतच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. वीस वर्षांच्या पोरांची मैत्री सहा महिन्यांतही घट्ट होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. पण चारातले तीन बाहेर गेल्यावर पलटणीत ती गोष्ट सांगायला कोण उरतं, आणि बाहेर गेलेले कुठल्या नावानं एकत्र येतात, हे प्रश्न उरतात. बुलढाण्याच्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला कर्तव्यावर असताना गेला. तिथे कर्तव्यावर प्राण गमावलेला तो पहिला अग्निवीर. घरच्यांना विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, उरलेल्या सेवेचा पगार अशा रकमा असल्याचं लष्करानं तेव्हा जाहीर केलं. त्यावरून राजकारणही झालं. रक्कम लहान नाही. पण कायम सेवेतल्या जवानाच्या घरी दर महिन्याला जे कुटुंब निवृत्तिवेतन येतं, ते त्या यादीत नव्हतं.

जाता जाता 'शहीद' या शब्दाबद्दल. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये माहिती आयोगापुढे सांगितलंय की हा शब्द अधिकृतपणे वापरातच नाही. कागदावर असतं 'बॅटल कॅज्युअल्टी'. म्हणजे आपण चौकात ज्या शब्दानं मोठं करतो, त्याला फाइलीत जागा नाही. फाइलीत काय लागतं हे गावात ज्याला माहीत असतं तो बहुतेकदा माजी सैनिकच असतो. वीरपत्नीला घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या चकरा तोच मारतो, कुठला दाखला कुठे अडला ते तोच सांगतो. मित्राची आठवण ठेवणं म्हणजे त्याच्यासाठी बऱ्याचदा एवढंच असतं: हातात पिशवी, पिशवीत झेरॉक्स.

योजनेच्या मूळ अटी तशाच राहिल्या तर पहिल्या तुकडीतून परतणारा मुलगा त्या कार्यालयात माजी सैनिक म्हणून नाव नोंदवू शकणार नाही. गेवराईच्या किंवा धारूरच्या घरी तो परत येईल तेव्हा त्याचं वय असेल बावीस-तेवीस. सोबत्याच्या आईला फोन करायची तारीख त्याच्याकडेही असू शकते.