शोधांच्या आकड्याने कमाई मोजू नका

गेल्या महिन्यात, संकेतस्थळावर लेख लिहून कमाई कशी करावी हे शिकवणाऱ्या एका कार्यशाळेत मार्गदर्शकांनी फळ्यावर गुणाकार मांडला. एखाद्या शब्दाचे महिन्याचे शोध घ्या. पहिल्या क्रमांकाला त्यातले ४२ टक्के वाचक मिळतात असे धरा. शंभरातले दोघे जाहिरातीवर क्लिक करतील असे धरा. मग गूगलचा ‘कीवर्ड प्लॅनर’ एका क्लिकचा जो दर दाखवतो त्याने गुणा, आली तुमची कमाई. पोरं वहीत उतरवून घेत होती, आणि त्यातला एक जण या गणिताच्या भरवशावर नोकरी सोडायला निघाला होता. म्हणून हे लिहितो आहे, रागानेच लिहितो आहे.

४२ टक्के आले कुठून? २००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकी कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांचे शोध उघड केले, त्यातून. तेव्हाचे शोधपान म्हणजे दुव्यांची साधी यादी होती. आज निम्मी उत्तरे त्याच पानावर वाचून माणूस निघून जातो. पहिला क्रमांक तुम्हालाच कसा मिळणार, हे तर कोणी विचारलेही नाही.

पण खरा घोटाळा दरात आहे. प्लॅनरमधला दर असतो शोधपानावरच्या जाहिरातीचा. घर घ्यायला निघालेला माणूस ‘गृहकर्ज व्याजदर’ असे टाइप करतो, त्या क्षणी बँका त्याच्यासाठी बोली लावतात. बोली चढते, कारण गिऱ्हाईक दारात उभे असते. त्या क्लिकचे पैसे गूगलला जातात, लेख लिहिणाऱ्याचा त्यात छदाम नसतो. तुमच्या लेखाशेजारी लागते ती जाहिरात वेगळी आणि तिचा लिलावही वेगळा. तुमचा वाचक काल चपला पाहत होता, तर गृहकर्जाच्या लेखाशेजारी त्याला चपलाच दिसतील. त्या लिलावात जे येईल त्यातून सगळी कपात होऊन प्रकाशकाच्या हाती साधारण ६८ टक्के पडतात. २०२४ पासून तर लेखांशेजारी जाहिराती लावणारी गूगलची ॲडसेन्स सेवा क्लिकवर नव्हे, जाहिरात किती वेळा दिसली यावर पैसे देते. म्हणजे फळ्यावरचा क्लिकचा गुणाकार मुळातच निकालात निघाला! वाशीच्या बाजारात हापूसचा भाव बघायचा आणि परसातल्या रायवळाचे उत्पन्न त्यावरून ठरवायचे, असा हा हिशेब आहे. तो शिकवायला फी घेतात, याची मला चीड येते.

‘सातबारा उतारा’ हा शब्दही त्यांच्या उदाहरणांत होता. तो शोधणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी महाभूलेख उघडायचे असते, सातबाऱ्यावरचा निबंध वाचायचा नसतो. ‘गणपती आरती’चे शोध भाद्रपदात उसळतात, प्लॅनर मात्र बारा महिन्यांची सरासरी पुढे करतो. ज्यांचा जाहिरातखर्च नगण्य, त्यांना तो २०१६ पासून ‘१ हजार ते १० हजार’ असा पट्टाच दाखवतो. दहापटीच्या त्या फरकातून रुपया-पैशापर्यंतचे उत्तर कसे निघते?

हाच प्लॅनर पुढे करून आम्हा मराठीत लिहिणाऱ्यांना पूर्वीही गप्प बसवले गेले. मराठीत कोणी शोधतच नाही, हे बघा आकडे, इंग्रजीत लिहा, असे सांगणारे भेटत. एकच वाचक कधी देवनागरीत शोधतो, कधी रोमनमध्ये, कधी ‘गणपति’ लिहितो, कधी ‘गणपती’. ही विखुरलेली बेरीज त्यांनी कधी केली नाही. २०१८ साली ॲडसेन्सने मराठीला जागा दिली तेव्हा कुठे तो वाद थंडावला. आमची काही उमेदीची वर्षे मात्र त्यात गेली.

मग अंदाज करायचाच नाही का? करा, पण स्वतःच्या आकड्यांवर. वीस-पंचवीस लेख मन लावून लिहा. गूगलचे सर्च कन्सोल तुमच्या संकेतस्थळाचे १६ महिन्यांचे शोध आणि क्लिक राखून ठेवते, त्यामुळे मागच्या भाद्रपदाची तुलना यंदाच्या भाद्रपदाशी करता येते. हजार वेळा पान उघडले गेले की आपल्या खात्यात प्रत्यक्ष किती जमा होतात, ते दरमहा टिपून ठेवा. कमीत कमी आणि जास्तीत जास्त, असे दोन आकडे मांडा आणि घरखर्च कमी आकड्यावर बसतो का ते पाहा.

त्या मुलाला माझी कळकळीची विनंती आहे. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत ॲडसेन्स पैसे पाठवत नाही. तो पहिला हप्ता किती महिन्यांनी आला ते वहीत लिही, आणि तोवर राजीनामा देऊ नकोस.