मार्लोचा एकटेपणा

कादंबरीवरून चित्रपट निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : मूळ कृतीशी तो कितपत प्रामाणिक आहे? वर्गात तर दोन रकाने आखून तुलना होते. कोणता प्रसंग गाळला, कोणते पात्र वाढवले, शेवट कसा बदलला. या पद्धतीने काहीच हाती लागत नाही असे नाही. पण रेमंड चँडलरच्या फिलिप मार्लोपुढे ती लटकी पडते, असे आमचे मत आहे.

कारण चँडलरच्या कादंबऱ्यांत कथानक हा सर्वांत कच्चा भाग. 'ब्लॅक मास्क'सारख्या स्वस्त मासिकांत आधी छापलेल्या स्वतःच्याच कथा जोडून त्याने 'द बिग स्लीप' (१९३९) उभी केली आणि सांधे लपवण्याची फारशी फिकीर केली नाही. या कादंबरीतल्या मोटारचालकाला कोणी मारले, असे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सने तारेने विचारले तेव्हा ते आपल्यालाही ठाऊक नव्हते, हे चँडलरनेच पुढे एका पत्रात सांगून टाकले आहे.

मग या कादंबऱ्यांत उरते काय? उरतो एक आवाज. 'मी' म्हणून बोलणारा हा खासगी गुप्तहेर लॉस एंजेलिसमधल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांपासून कळकट हॉटेलांच्या जिन्यांपर्यंत सर्वत्र जातो, दिसेल त्याला तिरकस उपमा चिकटवतो आणि त्या उपमेतच निवाडा करून मोकळा होतो. पोलीस विकले गेलेले, न्यायालय दूर. त्यामुळे तो निवाडा ऐकायला वाचकाखेरीज कोणी नसते. मार्लोचा एकटेपणा हा असा निवेदनातच मुरलेला आहे. पडद्यावरच्या मार्लोला आम्ही एकच कसोटी लावतो : हा एकटेपणा त्या चित्रपटाला सोसला का?

हॉलिवुडला आरंभी तो दिसलाच नाही. 'फेअरवेल, माय लव्हली' आणि 'द हाय विंडो' या दोन कादंबऱ्यांची कथानके १९४२ मध्ये अनुक्रमे फाल्कन आणि मायकेल शेन या दुसऱ्याच गुप्तहेरांच्या अंगावर चढवण्यात आली. माल घेतला, माणूस टाकून दिला. मार्लो स्वतःच्या नावाने पडद्यावर आला तो १९४४ च्या 'मर्डर, माय स्वीट'मध्ये. त्यात डिक पॉवेलच्या तोंडी निवेदन आहे, उपमाही आहेत; पण शेवटी नायिकेचे चुंबन आहे.

हॉक्सच्या 'द बिग स्लीप'मध्ये (१९४६) हंफ्री बोगार्टने उपमेचे काम नजरेवर सोपवले आणि ते अप्रतिम साधले. तरी शेवट पाहावा. बोगार्ट-बकॉल जोडीची लोकप्रियता पाहून चित्रपट पुरा झाल्यावरही त्यांचे प्रसंग नव्याने चित्रित केले गेले. सेन्सॉरच्या नियमांचा जाच होताच. परिणामी पापाचे माप गुंड एडी मार्सच्या पदरात पडते आणि नायकाला नायिका मिळते. कादंबरीत खुनी आहे ती जनरल स्टर्नवुडची धाकटी मुलगी. मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्याला हे कळू नये म्हणून मार्लो सत्य दडपतो आणि आता आपणही या घाणीचा भाग झालो, हे स्वतःशी कबूल करतो. चित्रपटाने त्याला धुऊन स्वच्छ केले. प्रेक्षक खूश झाला, मार्लो मात्र उणा झाला.

रॉबर्ट माँटगोमेरीने 'लेडी इन द लेक'मध्ये (१९४७) 'मी' हा शब्द अक्षरशः घेतला. कॅमेरा म्हणजेच मार्लोचे डोळे. तो स्वतः आपल्याला दिसतो मुख्यतः आरशांत. निवेदनाचा अभ्यास करणाऱ्यांनी हा फसलेला प्रयोग आवर्जून पाहावा. दृष्टिकोन म्हणजे केवळ डोळ्यांची जागा अशी समजूत करून घेतली की काय होते, ते इथे उघड दिसते. मार्लो पाहतो त्याहून महत्त्वाचे आहे ते पाहिलेल्याविषयी त्याला काय वाटते ते, आणि ते भिंगातून येत नाही.

रॉबर्ट ऑल्टमनच्या 'द लाँग गुडबाय'मध्ये (१९७३) ते आले. हॉक्सच्या चित्रपटाच्या पटकथाकारांपैकी एक असलेल्या ली ब्रॅकेटनेच याचीही पटकथा लिहिली. यातला इलियट गूल्डचा मार्लो सतत पुटपुटतो. मांजराशी, शेजारणींशी, स्वतःशी. कोणी ऐकत नाही. कादंबरीतल्या निवेदनाला याहून नेमका पर्याय आम्हांला आढळलेला नाही. म्हणूनच अखेरीस मित्र टेरी लेनॉक्सला तो गोळी घालतो तेव्हा आम्ही हळहळतो. या शेवटाला धीट म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांला तो सोपा वाटतो. गोळी रास्त ठरावी म्हणून चित्रपटाने लेनॉक्सला बायकोचा खुनी केले. कादंबरीत तो खुनी नाही. त्याने मैत्री वापरून घेतली, एवढाच त्याचा गुन्हा. तो कोणत्याही दंडसंहितेत बसत नाही. चेहरा बदलून तो परत येतो तेव्हा मार्लो त्याचे पैसे परत करतो, क्षमा करत नाही, मारतही नाही. त्याला जाऊ देतो आणि दूर जाणारी पावले ऐकत बसतो. अशा गुन्ह्याला शिक्षा नसते, फक्त दुरावा असतो. पिस्तुलाने हे दुःख संपवून टाकले.

आमच्या कसोटीला उतरतो तो कलादृष्ट्या यांहून साधा चित्रपट : डिक रिचर्ड्सचा 'फेअरवेल, माय लव्हली' (१९७५). पन्नाशी ओलांडलेला, डोळ्यांखाली पिशव्या आलेला रॉबर्ट मिचम मूळ मार्लोहून कितीतरी थोराड आहे. पण आवाज त्याचा आहे आणि थकवाही. शेवटी कोणी सोबतीला नसते; मिळालेले पैसे एका मारल्या गेलेल्या वादकाच्या बायकोमुलाला द्यायला तो निघतो. याच मिचमला १९७८ च्या 'द बिग स्लीप'मध्ये लंडनला नेऊन ठेवले, तेव्हा शहराबरोबर तो आवाजही हरवला.

म्हणून अध्यापकांना आमची विनंती एवढीच, की ते दोन रकाने थोडे दिवस बाजूला ठेवावेत. रूपांतराने काय गाळले हे विद्यार्थी आपण होऊन शोधतील. त्याने आपल्या नायकाला कोणत्या दुःखातून परस्पर सोडवले, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवून पाहावा.