शनवार तेल्यांची शाळा

बालदोस्तांनो, आज आधी एक खेळ खेळू. मी आडनाव सांगते, तुम्ही गाव ओळखायचं. पेणकर? पेण. रोहेकर? रोहा. दिवेकर? दिवे आगर. केहिमकर? इथे अडलात ना! अलिबागजवळ किहीम म्हणून गाव आहे, त्यावरून केहिमकर. ही सगळी गावं कोकणातली, रायगड जिल्ह्यातली. आपल्या हिमायतनगरचं जुनं नाव वाढोणा. आपल्याकडचं कुणी तिकडे जाऊन राहिलं असतं तर लोकांनी त्यांना वाढोणकरच म्हटलं असतं.

आता या आडनावांच्या आधीची नावं ऐका. सॅम्युएल दिवेकर. हाईम केहिमकर. जोसेफ राजपूरकर. बेंजामिन अष्टमकर. तुम्ही म्हणाल, "बाई, ही तर ख्रिश्चन माणसं दिसतात." नाही बरं का. ही माणसं ज्यू, म्हणजे यहुदी. आणि घरात बोलतात आपल्यासारखी मराठी. या समाजाला बेने इस्रायल म्हणतात. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरं.

ते कोकणात कसे आले? त्यांच्या घराघरांत सांगितली जाणारी गोष्ट अशी, की फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. किती वर्षांपूर्वी, यावर पंडितांचं एकमत नाही. पोथ्या-पुस्तकं समुद्रात गेली. माणसं गावात राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली. बायका लुगडी नेसू लागल्या. अब्राहमचा अबाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी. फक्त एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. शनिवारी घाणा बंद! ज्यूंचा तो विश्रांतीचा पवित्र दिवस, शब्बाथ. गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. (आपली शनिवारी निदान सकाळची शाळा तरी असते. हेवा वाटला ना?)

पण पुस्तकच नाही तर मुलांना शिकवायचं काय? आजची गोष्ट आहे ती याची.

पुष्कळ पिढ्या त्यांना आपली मूळ भाषा हिब्रू येत नव्हती. 'श्मा' नावाची प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली होती. जन्म, लग्न, मृत्यू, काहीही असो, तीच म्हणायची. सण लक्षात होते, पण त्यांची नावं मराठी झाली होती. नवं वर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. मंदिराच्या नाशाबद्दल उपास करायचा, त्या दिवसाचा झाला 'बिरड्याचा सण', कारण तेव्हा वालाचं बिरडं खायचं. पुरीम नावाचा त्यांचा आनंदाचा सण होळीच्या सुमारास येतो, तर त्याचं नाव 'होळीचा सण'!

त्यांच्यात आणखी एक गोष्ट सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचे एक गृहस्थ कोकणात आले. हे लोक शनिवार पाळतात, म्हणजे आपलेच असावेत, असं त्यांना वाटलं. खात्री कशी करायची? त्यांनी काही बायकांना वेगवेगळे मासे दिले आणि स्वयंपाक करायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला ठेवले. ज्यूंच्या धर्मग्रंथात हाच नियम आहे. रहाबींनी ओळखलं. मग त्यांनी तीन तरुण निवडले, त्यांना शिकवलं, आणि ते तिघे समाजाचे काजी झाले. मला या गोष्टीतली परीक्षा फार आवडते. पेपर नाही, पेन्सिल नाही, आणि पास झाल्या त्या बायका, चुलीपाशी बसून.

यापुढचा भाग इतिहासाचा आहे, सनावळीसकट.

१७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्रायलांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला सिनेगॉग म्हणतात. हे लोक मात्र त्याला मशीद म्हणत. तुम्ही नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबईला गेलात आणि पुढे लोकल पकडलीत, तर मशीद नावाचं स्टेशन लागतं. ते नाव या सिनेगॉगवरून पडलं, असं सांगतात.

१८२९ साली स्कॉटलंडचे मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले. त्यांनी मुला-मुलींसाठी शाळा काढल्या. चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्यांना लोकांना ख्रिस्ती करायचं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण १८३२ साली त्यांनी एक भारी काम केलं. हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीत लिहिलं. ज्यूंच्या पोरांना ज्यूंची भाषा शिकवायची, आणि तीही मराठीतून! आम्हाला डी.एड.ला एक सूत्र घोकून घेतलं होतं, 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे'. जे येतं त्याचा हात धरून जे येत नाही तिकडे जायचं. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. हे व्याकरण म्हणजे त्याचं जिवंत उदाहरण. बेने इस्रायलांनी विद्या घेतली, धर्म मात्र बहुतेकांनी आपलाच ठेवला.

हिब्रू कशी असते माहीत आहे? अक्षरं बावीस, आणि लिहायचं उजवीकडून डावीकडे. आपल्या गावातल्या उर्दू शाळेतल्या मित्राला विचारा, तो म्हणेल, "हे तर आमच्यासारखंच!" त्याचं पहिलं अक्षर अलिफ, हिब्रूचं आलेफ. त्याचा सलाम, हिब्रूचा शालोम. अरबी आणि हिब्रू या एकाच कुळातल्या भाषा आहेत, आणि उर्दूने लिपी अरबीकडूनच घेतली.

पुढे १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं. कुणी संस्कृत घेई, कुणी फारसी, तशी तिथे हिब्रूही परीक्षेला घेता येऊ लागली. हिब्रूचे एक परीक्षक होते आपले जोसेफ इझिकेल राजपूरकर. डेव्हिड ससून यांनी काढलेल्या शाळेचे ते मुख्याध्यापक. दिवसा शाळा सांभाळायची, आणि उरलेल्या वेळात हिब्रू प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणायची. जी प्रार्थना आजोबा नुसती पाठ म्हणत, तिचा अर्थ नातवाला कळू लागला.

पुण्यात १८७४ साली एक पुस्तक छापलं गेलं. ज्यूंच्या वल्हांडण सणाला रात्री कुटुंब एकत्र बसून जी कथा वाचतं, तिचं हे पुस्तक. एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी. त्यात चित्रं आहेत, आणि एका चित्रात सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका चक्क आपल्याकडच्या वेशात आहेत! चित्रकाराने समोर पाहिलं, तसं काढलं.

आणि कीर्तन! आपण परमेश्वराच्या देवळात कीर्तन ऐकतो ना, तस्संच. बुवा उभे राहतात, कथा सांगतात, मधे मधे ओवी, साकी, दिंडी, अभंग. १८८० च्या सुमारास मुंबईच्या काही बेने इस्रायल तरुणांनी कीर्तनाचं एक मंडळच काढलं. बेंजामिन अष्टमकर त्यांतले. कीर्तनाचा ठेका तोच, चाली त्याच, पण कथा कुणाची? अब्राहमची, जोसेफची, मोझेसची. ज्याला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं, त्या म्हातारीलाही सगळं समजायचं. माझ्या मते शंभर तासिकांचं काम या एकेका कीर्तनाने केलं असेल.

आता शाळेकडे येते. हाईम सॅम्युएल केहिमकर या गृहस्थांनी भावांच्या आणि मित्रांच्या मदतीने १८७५ साली मुंबईत इस्रायलाइट स्कूल काढलं. मुलांना मराठी यावी, हिशेब यावा, इंग्रजी यावी, आणि आपला धर्म आणि हिब्रूही यावी, हा हेतू. समाज गरीब होता. केहिमकरांनी वर्गणीसाठी किती उंबरे झिजवले असतील! लंडनच्या ज्यू संस्थेकडूनही मदत मिळवली. समाजाचा इतिहासही त्यांनीच लिहिला. १८९७ साली लिहून झाला आणि छापून आला तो १९३७ साली, ते वारल्यावर २९ वर्षांनी. पुढे एली कदूरी या धनिकाने मोठी देणगी दिली, आणि माझगावची ही शाळा सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली जाऊ लागली.

या शाळेच्या एका बाईंबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. रिबेका रूबेन. जन्म १८८९. पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या. मुलींत पहिल्या नव्हे हं, सगळ्यांत पहिल्या! तोवर कुठल्याच मुलीला हे जमलं नव्हतं. मुलीने चौथीनंतर शाळेत जाणं हेच जेव्हा नवल होतं, तेव्हाची ही गोष्ट. मग डेक्कन कॉलेजात शिकल्या, इंग्लंडला जाऊन शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. कुठेही मोठ्या पदावर बसता आलं असतं. पण १९२२ साली त्या या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि १९५० पर्यंत राहिल्या. तब्बल २८ वर्षं! आपल्या मुलांसाठी इंग्रजीची चांगली पुस्तकं नाहीत म्हणून त्यांनी स्वतः लिहिली. 'अशोक' नावाची ती वाचनमाला दुसऱ्या शाळांतही गेली. आई-बाबांनो, मुलीला दहावीनंतर तालुक्याच्या कॉलेजात पाठवायचं की नाही, हा विषय घरात निघतो तेव्हा रिबेकाबाईंचं नाव एकदा घेऊन पाहा.

विल्सन कॉलेजात मोझेस इझिकेल वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांची पत्नी स्वतःची शाळा चालवी. त्यांचा मुलगा निस्सीम इझिकेल इंग्रजीतला नामवंत कवी झाला, मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाला, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९८८ साली पद्मश्री मिळाली. इंदिरा संतांच्या मराठी कविता इंग्रजीत नेण्याचं कामही त्यांनी वृंदा नाबर यांच्यासोबत केलं.

१९४८ साली इस्रायल देश स्थापन झाला. हळूहळू घरंच्या घरं तिकडे निघाली. पेण, रोहा, अलिबाग इथली अंगणं ओस पडली. तिकडे सगळं गोड झालं असं नाही. तिथल्या काही धर्मगुरूंनी विचारलं, "तुम्ही खरे ज्यू कशावरून?" इतकी शतकं शनिवार पाळणाऱ्यांना हा प्रश्न! लोकांनी मोर्चे काढले, धरणी धरली. शेवटी १९६४ साली तिथल्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत.

इथे आता काही हजारच लोक उरलेत, बहुतेक मुंबई-ठाण्यात. माझगावच्या त्या शाळेतली बहुतेक मुलं आता दुसऱ्या धर्मांची आहेत. पण तरुण मुलं-मुली सणाला एकत्र येतात, हिब्रू शिकतात, गाणी म्हणतात, लहानांची शिबिरं घेतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे. प्रेषित एलियाहू आपल्या रथातून स्वर्गात जाताना तिथे खूण उमटली, अशी श्रद्धा. तिथे जाऊन मलिदा करतात. आपल्याकडे कंदुरीला, दर्ग्यावर पोळी कुस्करून गुळाचा मलिदा करतात ना? त्यांचा मलिदा गोड पोह्यांचा, वर खोबरं आणि सुकामेवा, भोवती फळं. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. त्यामुळे स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायला आणि चालवायला त्यांना सोय झाली.

आणि इस्रायलमध्ये काय झालं बघा. लोद, रामला, अश्दोद, दिमोना या गावांत मराठी बोलणारी म्हातारी माणसं राहतात. त्यांची नातवंडं हिब्रूत बोलतात, हिब्रूत भांडतात. आजी म्हणते, "अरे, मराठीत बोल की!" नातू हसतो. कोकणात मराठीने हिब्रूला हात दिला होता, आता तिकडे मराठीलाच हात हवा झालाय. म्हणून तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं, १ मेला महाराष्ट्र दिन साजरा होतो, आणि बायका जमून ती जुनी मोझेस-जोसेफची कीर्तनं गातात, आपल्याच ठेक्यात.

आपल्या वर्गात कुणाच्या घरी गोरमाटी बोलतात, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी दखनी. शाळेत मात्र "बाई, मला नाही येत ती" म्हणून मान खाली घालता. मला ते कळतं, आणि वाईटही वाटतं.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या घरच्या भाषेत दिवाळीला, होळीला, ईदला, पावसाच्या पहिल्या सरीला काय म्हणतात, ते आजीला विचारा आणि देवनागरीत लिहून पाठवा. एखादं गाणं असेल तर तेही. अक्षर कसंही चालेल, मी लावून घेईन.