पट्टा सैल, नजर वर

पुण्यातल्या कुठल्याही टेकडीच्या पायथ्याशी सकाळी सहाला उभं राहावं. पुढे कुत्रा, मागे मालक आणि मधे तारेसारखा ताणलेला पट्टा. कुत्र्याच्या घशातून घरघर येतेय, मालक मागे रेललाय आणि दर दहा पावलांना 'अरे हळू, हळू' चाललंय. याच कुत्र्याला घरी पाहुण्यांसमोर 'शेक हँड' मात्र फक्कड जमतं.

आता दुसरं चित्र, आज्ञापालनाच्या स्पर्धेतल्या रिंगणाचं. कुत्रा माणसाच्या डाव्या पायाला लागून चालतोय. मान वर, नजर माणसाच्या चेहऱ्याकडे. माणूस वळला की तोही वळतो, माणसानं वेग वाढवला की तोही वाढवतो, माणूस थांबला की न सांगता बसतो. पट्टा नाहीच. या चालण्याला 'हील' म्हणतात, म्हणजे टाचेशी राहणं. (रेकीच्या जाहिरातींतल्या हीलिंगशी याचा काही संबंध नाही.) अमेरिकन केनेल क्लबच्या 'नॉव्हिस' या सुरुवातीच्या पातळीवर 200 पैकी 80 गुण या चालण्याचेच असतात. त्यातले 40 पट्ट्यासह चालण्याचे आणि इंग्रजी आठच्या आकड्यात फिरण्याचे, उरलेले 40 पट्टा काढून चालण्याचे.

हे पाहून आपल्याकडे कुणीतरी हटकून म्हणतं, 'कसली सर्कस! कुत्र्याला कुत्र्यासारखं जगू द्या की.' आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण ही चाल शिकवण्याची जी रीत गेल्या काही दशकांत घडली, तीच टेकडीवरच्या ओढाताणीवरचा उतारा आहे. स्पर्धेत उतरायचं नसलं, तरी प्रत्येक कुत्रेवाल्यानं ती शिकावी. आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून करून न घेता स्वतः शिकावी.

या खेळाचा उगमही एका टोमण्यात आहे. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर नावाच्या बाई पूडल पाळायच्या. पूडल म्हणजे केस कापून मिरवायचं नाजूक खेळणं, असं लोक म्हणत. ते खोटं पाडायचं म्हणून त्यांनी 1933 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्कोला आज्ञापालनाची चाचणी भरवली. 8 कुत्रे उतरले. पुढे 1937 मध्ये त्या आणि ब्लँच सॉन्डर्स या प्रशिक्षक गाडीला ट्रेलर जोडून, पूडल सोबत घेऊन, सुमारे 10,000 मैल देशभर प्रात्यक्षिकं दाखवत फिरल्या. तोवर, 1936 मध्येच, केनेल क्लबनं या चाचण्यांना मान्यता दिली होती. मिश्र जातीच्या कुत्र्यांना मात्र त्या क्लबच्या रिंगणाचं दार उघडायला 2010 साल उजाडावं लागलं. जातीचा टोमणा मोडून काढण्यासाठी जन्मलेल्या खेळात बिनजातीच्या कुत्र्यांनी पाऊण शतक बाहेर थांबावं, हे जरा गमतीचंच.

शिकवण्याची जुनी रीत कडक होती. विल्यम कोहलर हे डिस्नेच्या चित्रपटांसाठी कुत्रे तयार करणारे प्रशिक्षक. त्यांचं 1962 चं पुस्तक अनेक वर्षं प्रमाण मानलं गेलं. कुत्र्याचं लक्ष उडालं की मालकानं काही न बोलता उलट दिशेला चालू पडायचं, लांब दोर संपला की कुत्र्याला हिसका बसणारच. कुत्रे शिकत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसरा रस्ताही तोवर मळायला लागला होता. बी. एफ. स्किनर यांनी 1951 मध्येच 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात प्राण्यांना बक्षीस देऊन कसं शिकवावं हे साध्या भाषेत लिहिलं होतं. हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांच्या 1984 च्या पुस्तकानं तो विचार घराघरांतल्या कुत्र्यांपर्यंत नेला. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, तो रुसला तर तळाशी निघून जातो. त्यामुळे त्याला शिकवणाऱ्याला हिशेब चोख ठेवावा लागतो.

हा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. पाच-सहा महिन्यांचं पिल्लू, जेवायला बसायचा लाकडी पाट आणि हरभऱ्याएवढे उकडलेल्या चिकनचे तुकडे, एवढंच सामान. पिल्लाचे पुढचे पाय पाटावर. माणूस त्याच्या उजव्या अंगाला उभा राहतो आणि जागच्या जागी थोडा डावीकडे वळतो. पिल्लू पुढचे पाय न हलवता मागचे पाय सरकवून पुन्हा माणसाला लागून उभं राहतं. त्याच क्षणी 'यस', आणि तुकडा. वरवर पोरखेळ वाटतो. पण आपल्याला मागचे पायही आहेत, हे बहुतेक पिल्लांच्या गावीही नसतं, आणि ते कळल्याशिवाय वळणावर कुत्रा सरळ राहत नाही.

मग तुकडा द्यायचा कुठे? इथे भले भले चुकतात. तो डाव्या हातानं, विजारीच्या डाव्या शिवणीशी द्यायचा. उजव्या हातानं पोटासमोरून दिला, की पिल्लू त्या हाताकडे डोकं वळवतं, ढुंगण बाहेर जातं आणि महिन्याभरात ते खेकड्यासारखं तिरकं चालू लागतं. हात पुढे धरला तर पिल्लू पुढे पळतं. पगार जिथे मिळतो तिथे कुत्रा उभा राहतो, मालक तोंडानं काहीही सांगो.

आधी एक पाऊल, वर नजर, तुकडा. मग दोन. पाचवर गेल्यावर पुन्हा एकावर यायचं, कारण दर वेळी काम वाढतच गेलं तर कामगार कंटाळतो. तीन मिनिटांत शिकवणी संपते. बाकी वेळ पिल्लानं हुंगत हिंडावं, तो त्याचा हक्क.

शब्दांचीही काटकसर हवी. आपल्याकडे आजीसुद्धा कुत्र्याशी इंग्रजीत बोलते. त्याला हसतात, पण त्यात शहाणपण आहे. 'बस' हा शब्द घरात दिवसभर उडत असतो: बस झालं, बस आली का, बस ना जरा. कुत्र्यानं त्यातला कुठला आपला मानावा? 'सिट' घरात दुसरं कुणी कुणाला म्हणत नाही. कुत्र्याच्या नावाचंही तेच. दिवसातून शंभरदा उगाच हाक मारली की ती पंख्याच्या आवाजासारखी होते.

बहुतेक जण हात टेकतात ते आठव्या महिन्यात. कालपर्यंत गुणी असलेलं पिल्लू अचानक बहिरं होतं. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी आंधळ्यांच्या वाटाड्या कुत्र्यांच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की आठ महिन्यांची पिल्लं सांभाळणाऱ्या माणसाचं 'बस' पाचव्या महिन्यापेक्षा कमी ऐकतात, परक्याचं मात्र ऐकतात. दहावीतल्या मुलांच्या आईबापांना हे नव्यानं सांगायला नको. नेमक्या याच वयात पिल्लाला 'ट्रेनर'कडे सोपवलं जातं. तो दिवसाआड येतो, कुत्र्याला पार्किंगमध्ये नेतो, अर्ध्या तासानं परत आणतो. मालक वर चहा घेत असतो. महिनाअखेर कुत्रा ट्रेनरसमोर पुतळ्यासारखा बसतो आणि मालकाला फरफटत नेतो. परक्याचं तर तो तसंही ऐकत होता.

पार्किंगमध्ये गळ्यात काय घातलं जातं, हेही वरून दिसत नाही. त्याच 2020 मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो इथल्या संशोधकांनी 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिसके आणि दरडावणी यांवर भर असलेल्या शाळांतले कुत्रे शिकवणीच्या वेळी जास्त ताणात होते, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल जास्त वाढलं होतं. वेल्सनं 2010 मध्येच शॉक देणारे पट्टे बेकायदा ठरवले. रिंगणात तर न सांगताही कळतं. मार खाऊन शिकलेला कुत्रा जागेवर चालतो, पण कान पाडून, शेपटी आत घेऊन.

राहिला सर्कशीचा आक्षेप. काही स्पर्धकांचे कुत्रे मान इतकी मागे टाकून, पुढचे पाय घोड्यासारखे उचलून चालतात, की पाहणाऱ्याचीच मान अवघडते. हा अतिरेक आहे आणि त्याला टाळ्या मिळू नयेत. ठेंगण्या कुत्र्यानं सहा फुटी माणसाच्या डोळ्यांत पाहत चालायची गरज नाही, त्याला गुडघ्याकडे पाहायला शिकवलं तरी काम भागतं. पण कुत्र्याला कुत्र्यासारखं जगू द्या म्हणणाऱ्यांनी गॅलरीत दिवसभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याबद्दलही बोलावं. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. ओढणारा कुत्रा फिरवणं जड जातं, म्हणून फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी झाल्या की तो आणखी ओढतो. अशी साखळी बहुतेकदा इथूनच सुरू होते.

तेव्हा ट्रेनर ठेवायचाच असेल, तर पहिल्या दिवशी मालकानं चहा बाजूला ठेवून खाली उतरावं. कुत्र्याचा एखादा मित्र समोरून जात असताना काय करणार, आणि कुत्रा चुकला तर काय करणार, हे त्याला विचारावं. मग पट्टा आपल्या हातात मागून घ्यावा, खिशात चिकनचे तुकडे भरावेत आणि डाव्या पायानं एक पाऊल टाकावं.