पॉलिपचं ऑपरेशन झालं, मग स्प्रे कशाला?

‘डॉक्टर, नाकातलं वाढलेलं मांस काढून टाकलं ना? मग आता स्प्रे कशाला?’ अनेक रुग्ण असं विचारतात आणि काही महिन्यांत स्प्रे बंद करतात. माझ्या मते पॉलिपच्या उपचारातली ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे.

पॉलिप म्हणजे जास्तीचं मांस नव्हे. नाक आणि सायनसच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहिली, की तिथे द्राक्षाच्या मण्यांसारखे मऊ फुगवटे तयार होतात. नाक चोंदतं, वास येईनासा होतो. दम्याच्या रुग्णांत हा त्रास जास्त दिसतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनने पॉलिप निघतात, सायनसची वाट मोकळी होते. पण सूज येण्याची प्रवृत्ती तशीच राहते. तिला आवर घालतो तो स्टेरॉइड स्प्रे.

‘स्टेरॉइड’ या शब्दाला घाबरू नका. स्प्रेचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि रक्तात फारच थोडा उतरतो. मान किंचित खाली ठेवा. स्प्रेचं टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने असू द्या. नाक लगेच मोकळं करणारे थेंब मात्र वेगळे. ते आठवडाभराहून जास्त वापरले तर नाक उलट अधिकच चोंदतं.

एकाच नाकपुडीत गाठ दिसत असेल किंवा रक्त येत असेल, तर स्प्रेवर वेळ न घालवता तपासून घ्या.

ब्लड प्रेशर नॉर्मल आलं म्हणून आपण गोळी बंद करत नाही. स्प्रेचंही तसंच आहे. तो थांबवायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.