दीड ते पाच वर्षं, आणि मी

तुमच्याही घरी असा एक डबा असेल. माळ्यावर, पलंगाखाली, नाहीतर कपाटाच्या डोक्यावर. मुलं मोठी झाली, डबा तिथेच राहिला.

आमच्या घरचा डबा डुप्लोचा आहे. डुप्लो म्हणजे लेगोचे मोठे ठोकळे. खोक्यावर वय छापलेलं असतं, दीड ते पाच वर्षं. नातू त्यापुढे गेला, बारीक ठोकळ्यांत रमला, तेव्हा सूनबाईने हा डबा पुण्याहून आमच्याकडे रसमड्याला पाठवला. 'कुणाला तरी देऊन टाका, आई.' मी होय म्हटलं आणि दिला नाही. दुपारी हे कामावर गेले की घर फार मोठं वाटतं. एके दिवशी सहज डबा उघडला, चार ठोकळे जोडले, आणि चहाचं आधण उकळून आटलं तरी कळलं नाही.

हसू आलं ना? हसा. पण हा छंद असलेली मोठी माणसं जगात कमी नाहीत. २०२० पासून लेगो कंपनी काही खोक्यांवर सरळ '१८ वर्षांपुढील' असं छापते आहे. मात्र ती सगळी बारीक तुकड्यांची खोकी, हजारो भाग, चष्मा लावून जोडायची. डुप्लो जमवणारे त्यातही वेगळे. बाकीचे छंदिष्ट डुप्लो वापरतात ते लपवून. प्रदर्शनात लेगोचा मोठा डोंगर उभा करायचा असेल तर आतून पोटात डुप्लो भरतात आणि वरून बारीक ठोकळ्यांचं आवरण देतात. वाचलं आणि मला आमचा दिवाळीचा किल्ला आठवला. दुर्गच्या अंगणात बाबा आत फुटक्या विटा, तेलाचा रिकामा डबा ठेवायचे, वर चिखलात बुडवलेलं पोतं. पाहणाऱ्याला फक्त डोंगर दिसायचा.

आता ठोकळ्याबद्दल थोडं. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली. आज आपण ओळखतो त्या प्लास्टिकच्या ठोकळ्याचं पेटंट १९५८ सालचं. डुप्लो आलं १९६९ मध्ये. लांबी, रुंदी, उंची, सगळं नेमकं दुप्पट. म्हणजे एका डुप्लोच्या जागेत आठ साधे ठोकळे मावतील. आणि खरी गंमत अशी की दोन्ही एकमेकांत बसतात! साधा चार बटणांचा ठोकळा डुप्लोच्या एका मोठ्या बटणावर पक्का बसतो.

तुकडे कमी म्हणून खेळ लवकर संपतो असं वाटत असेल तर एक आकडा सांगते. आठ बटणांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतील? कंपनी पूर्वी १०,२९,८१,५०० सांगायची. पण त्यात फक्त एकावर एक रचलेले सहा मजली मनोरे धरले होते. सोरेन आयलर्स या डॅनिश गणितज्ञाने सगळ्या रचना मोजल्या, तेव्हा उत्तर निघालं ९१,५१,०३,७६५. डुप्लोचा आठ बटणांचा ठोकळाही तसाच, फक्त मोठा, म्हणून त्यालाही हाच आकडा. माझ्याकडे असे सव्वीस आहेत. चिंता नाही.

मी रसमड्याचं स्टेशन करायला घेतलं. हावडा-मुंबई मार्गावरचं आमचं छोटं स्टेशन, दिवसभर मालगाड्यांची धडधड. डब्यात रुळांचे वाकडे तुकडे होते, बारा जोडले की पूर्ण गोल होतो. (भिलाईच्या कारखान्यात १३० मीटरचा एकसलग रूळ निघतो. ह्यांना हे सांगून मी माझे वीतभर रूळ दाखवले, तर हे नुसतेच हसले.) फलाट राखाडी नव्हता, लाल केला. नावाची पाटी करताना अडले. डुप्लोवर अक्षरं कुठून आणायची? शेवटी दोन उभे ठोकळे आणि वर एक आडवा पिवळा, इतकंच ठेवलं. शेजारच्या वहिनी आल्या, लांबूनच म्हणाल्या, 'अरे, ये तो अपना स्टेशन है!'

इथेच थांबायला हवं होतं. पण मला दिवे हवे झाले, बाकडं हवं झालं, सिग्नल हवा झाला. नातवाचे जुने बारीक ठोकळे मागवून घेतले. मोठ्यावर छोटे, छोट्यावर आणखी छोटे. खांबावर एका बटणाचा गोल पिवळा दिवा बसवला. स्टेशन सुरेख दिसायला लागलं. फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

वहिनींची नात अडीच वर्षांची. ती रोज येऊन उंबऱ्यात उभी राहायची आणि मी तिला 'हात नहीं लगाना' म्हणायची. दीड ते पाच वर्षं लिहिलेल्या खेळण्यापासून मी अडीच वर्षांच्या पोरीला लांब ठेवत होते, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. एका दुपारी दूध उतू गेलं म्हणून आत पळाले. बाहेर आले तर आगगाडी आडवी, खांब मोडलेला, आणि तिच्या ओठांच्या मधोमध तो पिवळा दिवा. दातांत धरलेला. मी ओरडले नाही, ओरडले असते तर तिने दचकून श्वास आत ओढला असता. खाली बसले, हात पुढे केला, 'मुझे दो' म्हटलं. तिने जरा विचार करून दिला. त्यानंतर बराच वेळ माझे हात थरथरत होते.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक नळकांडं असतं, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. त्यात जो तुकडा पूर्ण मावेल तो या वयाला चालत नाही, कारण तो घशात अडकू शकतो. डुप्लोचा चार बटणांचा ठोकळा साधारण ३२ मिलिमीटर रुंद आहे. त्या दुपारी मी पट्टी घेऊन मोजला.

तुमच्याकडे दोन्ही आकाराचे ठोकळे असतील तर डबे वेगळे ठेवा, आणि बारीक डब्याला झाकण घट्ट हवं. नवीन घेणार असाल तर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ती सक्तीची आहे. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०, म्हणून मी तरी ओळखीपाळखीत जुनेच ठोकळे मागते. जुने आले की धुवायचे कोमट साबणाच्या पाण्यात, ४० अंशांपेक्षा गरम नको. आमच्याकडे कारखान्यांची काळी धूळ बसते, त्यामुळे हे काम महिन्यातून दोनदा. वाळवायचे सावलीत. मे महिन्यात गच्चीवर टाकाल तर पांढरे ठोकळे पिवळे पडतील.

बारीक ठोकळे मी त्याच संध्याकाळी बांधून माळ्यावर टाकले. स्टेशन आता पुन्हा सुधं आहे, दिव्यांशिवाय. मुलगी चार वाजता येते. काल तिने पाटीचा पिवळा ठोकळा काढून इंजिनावर ठेवला आणि फलाटावर एक हत्ती उभा केला. आज जिराफ येणार आहे म्हणे. मी फलाट चार बटणांनी वाढवून ठेवला आहे.